वई (सिंधुदुर्गातील हिरवे कुंपण)

वई म्हणजे शेत, परडे, बाग किंवा घराचे आवार यांभोवती राखलेले झाडाझुडपांचे कुंपण. महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवण, वेंगुर्ले व देवगड या किनारी तालुक्यांत, वर्षभर हिरव्या राहणाऱ्या झुडपांची वई ही घराच्या आवाराची जुनी ओळख आहे. गुरांना अडवणे, समुद्रावरून येणारा खारा वारा मंदावणे, उतारावरची माती धरून ठेवणे व हद्द दाखवणे ही तिची मुख्य कामे होत. शोभा हा तिचा तुलनेने नवा उपयोग आहे. शहरी बागेतील कुंपणाची झुडपे पान, रंग व आकार पाहून निवडली जातात. मालवणच्या किनाऱ्यावर मात्र निवडीचा निकष वेगळा ठरतो. खारा वारा, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि त्यानंतरचा आठ महिन्यांचा कोरडा काळ ही तिन्ही परिस्थिती एकाच झुडपाने सोसावी लागते.

नाव व संज्ञा

‘वई’ हा शब्द संस्कृत ‘वृति’ (वेढा, कुंपण) या शब्दापासून प्राकृत ‘वइ’ या रूपाद्वारे मराठीत आला. मालवणी बोलीत तो ‘वय’ असा उच्चारला जातो. त्यामुळे वयाशी त्याची गल्लत होते, पण बोलणाऱ्यांना संदर्भाने अर्थ कळतो. दगड रचून केलेल्या बांधाला ‘गडगा’ म्हणतात. दोन आवारांच्या वयांमधून किंवा गडग्यांमधून जाणारी अरुंद वाट म्हणजे ‘पाणंद’, तर आडवे बांबू सरकवून उघडझाप करता येणारे वईतील दार म्हणजे ‘बेडे’. मराठीतील ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण राखणदारानेच लूट करण्याविषयी असली, तरी न छाटलेल्या वईच्या बाबतीत ती शब्दशःही खरी ठरते. दहा गुंठ्यांच्या चौरस परड्याच्या आतल्या कडेने एक मीटर जाडीची वई राखली, तर सुमारे सव्वा गुंठा जमीन तिच्याखाली जाते. ती दोन मीटर फुगली, तर जवळजवळ अडीच गुंठे जातात.

पार्श्वभूमी

वईचे दोन प्रकार पूर्वीपासून प्रचलित आहेत. पहिली मृत वई. पावसाळा संपल्यावर करवंद, तोरण, चिल्हार यांसारख्या काटेरी झुडपांच्या फांद्या तोडून आणावयाच्या, खुंट्यांना व आडव्या बांबूंना त्या बांधावयाच्या आणि पुढील पावसाळ्यापर्यंत त्यांवर निभावून न्यावयाचे, अशी तिची पद्धत होती. खरिपाचे भात कापले गेले की गुरे मोकळी सोडली जात. त्यामुळे पाण्याच्या सोयीच्या ठिकाणी केली जाणारी वायंगणी भातशेती व भाजीचे मळे यांना कुंपण अत्यावश्यक असे. मृत वईचे लाकूड वाळवी व पावसाने वर्षभरात निकामी होत असल्याने हे काम दरवर्षी नव्याने करावे लागे आणि त्यासाठी आसपासच्या रानातील झुडपे दरवर्षी तोडली जात.

दुसरा प्रकार सजीव वईचा. तिला उभी राहण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. पण एकदा उभी राहिली की रानातून काटे आणण्याची गरज राहत नाही. अनेक ठिकाणी दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. नव्या रोपांच्या बाहेरून दोन हंगाम मृत वई घातली जाते आणि तिच्या आडोशाने सजीव वई वाढते. ही पद्धत आजही उपयुक्त आहे, कारण नव्या वईचा पहिला शत्रू रोग किंवा कीड नसून शेळी असते.

कुंपणासाठी आणलेल्या परदेशी वनस्पतींचा इतिहास सावधगिरी शिकवणारा आहे. अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग दख्खनमध्ये कुंपणासाठी लावला गेला आणि पुढे पडीक जमिनींवर इतका पसरला की १९२० च्या दशकात त्याचा नाश करणारे कोचिनील कीटक मुद्दाम सोडावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली घाणेरी आज कोकणातील पडीक जमिनी व रानाच्या कडा व्यापून आहे. तीही अनेक ठिकाणी बागेच्या कुंपणातूनच बाहेर पडली.

हवामान व जमीन

सिंधुदुर्ग जिल्ह्यात पावसाची वार्षिक सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या काळात तो जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे मुळाशी पाणी साचून कुजणे आणि उन्हाळ्यात पाण्याअभावी सुकणे हे दोन्ही धोके एकाच झुडपाला एका वर्षात भोगावे लागतात.

किनाऱ्यावर यात क्षाराची भर पडते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर समुद्राचे तुषार आत येतात. मात्र पावसाने पाने धुतली जात असल्याने त्यांचा परिणाम मर्यादित राहतो. ऑक्टोबरनंतर दुपारच्या समुद्री वाऱ्याबरोबर येणारे क्षार पानांवर साचत जातात, कारण ते धुऊन काढण्यास पाऊस नसतो. समुद्राच्या बाजूची पाने प्रथम कडेने तपकिरी होतात, मग टोके वाळतात आणि झुडूप जमिनीकडे झुकल्यासारखे एका अंगाने वाढते. चक्रीवादळात हाच परिणाम काही तासांत घडतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते हे चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून उत्तरेकडे सरकले, तेव्हा जिल्ह्यातील घरे, वीजवाहिन्या व बागायतीचे मोठे नुकसान झाले.

जमिनीचे ढोबळमानाने तीन प्रकार वईच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. तारकर्ली, देवबाग यांसारख्या ठिकाणी पुळण म्हणजे वाळूची जमीन आहे. कर्ली खाडी व समुद्र यांच्यामधील देवबागची चिंचोळी पट्टी हे तिचे ठळक उदाहरण होय. अशा जमिनीत पाणी टिकत नाही व अन्नद्रव्ये लवकर निघून जातात. खाडीकाठच्या सखल जमिनी खाऱ्या असतात. उरलेला बहुतांश भाग जांभ्याचा असून त्यावर मातीचा थर अनेकदा वीतभरच असतो. जांभ्याची माती आम्लधर्मी असते व पाऊस संपताच ती कठीण होते.

झुडपांची निवड

समुद्रासमोरच्या वईसाठी कोयनेल किंवा वनजाई (व्होल्कमेरिया इनर्मिस, जुने शास्त्रीय नाव क्लेरोडेंड्रम इनर्मे) हे सर्वांत भरवशाचे झुडूप मानता येईल. ते मूळचे येथलेच असून खाडीकाठी कांदळवनाच्या कडेने आपोआप वाढते. पाने गडद हिरवी, जाडसर व चकचकीत असतात, फुले पांढरी असून त्यांतून लांब जांभळट पुंकेसर बाहेर आलेले दिसतात. पाने कडू असल्याने गुरे व शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. क्षार, वारा, वाळू व वारंवार केलेली छाटणी हे सर्व ते सोसते. देशभरातील सार्वजनिक उद्यानांत कापून नीट केलेल्या ज्या हिरव्या भिंती दिसतात, त्यांतील पुष्कळशा कोयनेलच्याच असतात. समुद्रकाठचे हे झुडूप शहरात मेंदीच्या नावाने ओळखले जाते आणि किनाऱ्यावरील माणूस मात्र रोपवाटिकेतून परगावची झुडपे विकत आणतो, ही विसंगती नोंद घेण्याजोगी आहे. त्याचा दोष एवढाच की फांद्या लांब व लवचीक असल्याने छाटणी चुकली की ते वेलीसारखे पसरते. जमिनीला टेकलेल्या फांदीला मुळे फुटून वई रुंद होत जाते.

खरी मेंदी (लॉसोनिया इनर्मिस) देशावर कुंपणासाठी लोकप्रिय आहे. तिला कोरडे हवामान मानवते. कोकणातील पावसात निचरा नसलेल्या जागी तिची मुळे कुजतात. त्यामुळे सोलापूर किंवा अहिल्यानगरकडील सल्ला मालवणात जसाच्या तसा लागू पडत नाही.

समुद्रापासून थोडे आत, जांभ्याच्या सड्यावर व उतारावर करवंदाची वई उत्तम होते. करवंद सदाहरित, काटेरी व येथलेच आहे. उन्हाळ्यात त्याला पाणी द्यावे लागत नाही आणि मे महिन्यात फळे मिळतात. मात्र त्याची वाढ संथ असते; गुरे अडवण्याइतकी दाट वई होण्यास चार-पाच वर्षे लागू शकतात. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती लवकर नष्ट होत असल्याने पिकलेल्या फळांतून काढलेले बी त्याच हंगामात पेरावे लागते. पुढच्या वर्षासाठी ठेवलेले बी बहुधा उगवत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळांची ‘कोकण बोल्ड’ ही करवंदाची जात विकसित केली आहे. वईतून फळांचे उत्पन्नही हवे असल्यास तिचा विचार करता येतो.

अडुळसा (जस्टिसिया ॲधाटोडा) हा घराजवळच्या वईचा जुना घटक आहे. फांद्या सहज रुजतात, पाने गुरे खात नाहीत आणि खोकल्यावरील घरगुती काढ्यासाठी पाला हाताशी राहतो. अगदी समुद्रासमोर मात्र त्याची मोठी, पातळ पाने खाऱ्या वाऱ्याने करपतात. निर्गुडीही अशीच उपयोगी असली, तरी कोरड्या जागी उन्हाळ्यात तिची पाने बरीच गळतात. आडोसा बारमाही हवा असेल तेथे ती एकटी पुरेशी नाही. ओसाड पुळणीत सागरगोट्याची वई कोणत्याही जनावराला अडवते. तिचे आकडेबाज काटे मालकालाही सोडत नाहीत, म्हणून ती वाटेपासून दूर लावणे इष्ट. ओढ्याच्या व खाडीच्या काठी केवड्याची रांग हेच काम करते आणि मुळांनी काठही धरून ठेवते.

आवाराच्या दर्शनी भागासाठी जास्वंद, तगर, पेंटगूळ (इक्झोरा कॉक्सिनिया), अनंत व कुंती (मुराया पॅनिक्युलाटा) ही फुलझुडपे वापरली जातात. पेंटगूळ पश्चिम किनाऱ्यावरील रानातलेच झुडूप असून जांभ्याची आम्ल माती त्याला मानवते. कुंतीचे कुंपण दाट व सुगंधी होते. मात्र लिंबूवर्गीय झाडांवर ‘सिट्रस ग्रीनिंग’ हा रोग पसरवणारी सिला कीड कुंतीवरही पोसते. त्यामुळे लिंबाच्या बागेजवळ कुंतीची वई करू नये. जास्वंदीचे स्थान वेगळे आहे. गणेशचतुर्थीला लाल जास्वंदीची फुले घरच्या वईतूनच मिळावीत, अशी कोकणातील घराघरांची अपेक्षा असते आणि छाटणीचे वेळापत्रकही तीच ठरवते.

गिरिपुष्प व मोगली एरंड यांचा उल्लेख येथे अपवाद म्हणून करावा लागतो, कारण दोन्ही पानगळी आहेत. गिरिपुष्पाचे दीड मीटर लांबीचे खुंट पावसाच्या तोंडावर रोवले की ते जागच्या जागी जिवंत खांब होतात आणि नत्रयुक्त पाला भाताच्या खाचरात खत म्हणून घालता येतो. दोन खांबांमध्ये सदाहरित झुडपे लावल्यास मजबुती व हिरवाई दोन्ही साधतात. पर्यटन निवासांभोवती अलीकडे दिसणारी पिवळ्या पानांची दुरांटा लवकर वाढते. परंतु तिची फळे विषारी आहेत आणि पक्ष्यांमार्फत बिया पसरून ती बागेबाहेर उगवू शकते.

लागवड

मृगाचा पहिला पाऊस पडून जमीन खोलवर भिजल्यानंतर, म्हणजे साधारण जूनच्या उत्तरार्धात, लागवड करतात. चर मात्र मे महिन्यातच खणून तापू द्यावा. जांभ्याच्या जमिनीत तो ४५ ते ६० सेंटिमीटर रुंद व तितकाच खोल असावा. खाली कातळ लागल्यास पहारीने तो फोडावा. कारण कातळात खणलेला बंद चर पावसाळ्यात पाण्याच्या टाकीसारखा भरतो आणि रोपे मरण्याचे सर्वांत सामान्य कारण तेच असते. उताराच्या खालच्या टोकाला चराचे तोंड उघडे ठेवल्यास निचरा होतो. खणलेल्या मातीत चांगले कुजलेले शेणखत व थोडी चुलीची राख मिसळून चर भरतात आणि ती खाली बसेल हे गृहीत धरून जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंबा करतात. पुळणीत वरंब्याची गरज नसते. तेथे उलट रोप किंचित खोलगट जागी लावून शेणखताचे प्रमाण वाढवावे लागते.

कोयनेल, अडुळसा, जास्वंद व तगर ही झुडपे फाट्यांपासून लावतात. फाटा पेन्सिलीएवढ्या जाडीचा, पक्व, २० ते २५ सेंटिमीटर लांब व किमान तीन-चार डोळे असलेला घ्यावा. त्याचा अर्धा भाग मातीत जाईल आणि डोळे वरच्या दिशेला राहतील, अशा रीतीने तो रोवतात. कोयनेलसाठी दोन फाट्यांत ३० सेंटिमीटर, मोठ्या झुडपांसाठी ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर पुरते. करवंद रोपांपासून लावतात. एका रांगेत ३० सेंटिमीटर अंतर धरल्यास दहा गुंठ्यांच्या चौरस आवाराला सुमारे सव्वाचारशे फाटे लागतात. त्यांतील काही मरणार, म्हणून शे-पन्नास फाटे कोपऱ्यात वेगळे रुजवून ठेवण्याची रीत आहे. गुरांचा त्रास असेल तेथे एकाआड एक अशा दोन रांगा लावाव्यात.

छाटणी

वई चांगली होणे न होणे बहुतांशी पहिल्या वर्षाच्या छाटणीवर अवलंबून असते. नवे रोप गुडघ्याएवढे झाले की ते वाढू द्यावेसे वाटते, पण नेमके तेव्हाच ते जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर कापावे लागते. शेंडा गेल्यावर खालचे डोळे फुटतात व तळाशी दाट फांद्या येतात. पुन्हा फुटलेले शेंडे एक वीत वाढले की निम्मे कापतात. असे दोन-तीन वेळा केल्यावरच उंची वाढू देतात. ही छाटणी टाळलेली वई दोन वर्षांत डोक्याएवढी होते खरी. पण तिच्या बुंध्यांमधून कोंबडी, कुत्रा व वासरू आरामात ये-जा करतात. नंतर वरून कितीही कापले तरी खालची पोकळी भरत नाही.

उभ्या वईचा छेद तळाशी रुंद व वर अरुंद ठेवावा. वरचा भाग रुंद झाला, तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही व ती झडतात. कोयता सरळ उभा धरून कापण्याच्या सवयीमुळे वई नकळत वरच्या बाजूला फुगत जाते, म्हणून दोन टोकांना खुंट्या रोवून तिरकी दोरी बांधणे उपयोगी पडते.

वर्षभराचे वेळापत्रक पावसाशी बांधलेले आहे. जुनी, पोकळ झालेली वई खालपर्यंत कापावयाची असल्यास ते काम जूनच्या आरंभी करतात, कारण नव्या फुटीला पुढे चार महिने पाणी मिळते. जुलैच्या संततधारेत मोठ्या जखमा करू नयेत. त्यांतून बुरशी शिरून फांद्या टोकाकडून वाळत जातात. मुख्य आकार देणारी छाटणी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत करतात. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत एक हलकी कातरणी पुरते. मार्च ते मे या काळात छाटणी टाळावी. त्या वेळी आतली कोवळी पाने उघडी पडली, तर ती ऊन व खारा वारा यांनी एकदमच करपतात. समुद्राकडची बाजू नेहमी हलक्या हाताने कापावी, कारण तीच पुढच्या फांद्यांची ढाल असते. जास्वंदीच्या कळ्या नव्या फुटीवर येत असल्याने तिची खोल छाटणी जूनमध्येच उरकतात. आषाढ संपत आल्यावर ती कापली, तर चतुर्थीला फुले मिळत नाहीत.

वसंतात व पावसाळ्याच्या आरंभी बुलबुल, शिंपी, सातभाई इत्यादी पक्षी वईत घरटी करतात. मोठ्या छाटणीपूर्वी फांद्या बाजूला करून पाहणे आवश्यक असते.

पाणी, खत व कीडरोग

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदोनदा भरपूर पाणी द्यावे लागते. रोज शिंपडलेल्या थोड्या पाण्याने मुळे वरच राहतात. त्याहून महत्त्वाचे आच्छादन आहे. आंबा, काजू व फणसाचा पातेरा वईच्या बुडाशी वीतभर जाडीने पसरल्यास ओल टिकते. मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये, अन्यथा वाळवी लागते. किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते. असे पाणी मुळाशी द्यावे, पानांवर फवारू नये. गोड्या पाण्याची सोय असल्यास वादळानंतर किंवा सतत खारा वारा वाहिल्यावर पाने धुतल्याने झुडपे वाचतात. करपलेल्या फांद्या लगेच कापण्याची घाई करू नये. कोयनेल, करवंद व पेंटगूळ यांना पहिल्या पावसानंतर जुन्या लाकडावर नवी फूट येते आणि कोठून कापावे हे तेव्हाच कळते.

पावसाच्या आरंभी व अखेरीस शेणखत किंवा गांडूळखताचा हात दिल्यास वेगळ्या खताची सहसा गरज पडत नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो. त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते व मुंग्या ही कीड एका झुडपावरून दुसऱ्यावर नेतात. कीड लागलेले शेंडे कापून नष्ट करणे व पाण्याचा जोरदार झोत मारणे हे पहिले उपाय होत. हुमले, म्हणजे पानांची घरटी विणणाऱ्या लाल मुंग्या, इतर किडी खातात. परंतु छाटणी करणाऱ्यालाही चावतात. मोठ्या फांद्यांच्या जखमांना बोर्डो मलम लावतात. सुपारीच्या कोळे रोगासाठी मोरचूद व चुना यांचे मिश्रण कोकणातील बागायतदारांच्या घरी असतेच, तेच येथेही उपयोगी पडते.

विषारी झुडपे व सर्प

कुंपणासाठी गुरे न खाणारी झुडपे निवडली जातात. गुरे त्यांना तोंड का लावत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा विष हेच असते. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो व काही काळ दृष्टीही जाऊ शकते. अशा वेळी डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने सतत धुऊन तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी लागते. शेर छाटताना चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत आणि वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून कापू नये. कण्हेर व पिवळी कण्हेर यांचे सर्व भाग हृदयावर परिणाम करणारे विष धारण करतात. त्यांच्या काटक्या चुलीत घालू नयेत व पाला गुरांच्या गवतात मिसळू देऊ नये. मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागत असल्याने मुलांना त्यांतून विषबाधा होण्याच्या घटना भारतात वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. शाळा, अंगणवाडी किंवा मुलांचे खळे यांच्या कडेला ही झुडपे नसावीत.

वईच्या बुडाशी साचलेला पाला व सैल दगड हे फुरशाचे आवडते आश्रयस्थान आहे. फुरसे हा लहान पण अत्यंत विषारी सर्प कोकणात सर्वत्र आढळतो. झुडपांच्या फांद्यांवर हिरव्या रंगाचा चापडाही असू शकतो. साफसफाईपूर्वी काठीने पाला हलवणे, हात घालण्याऐवजी दाताळ्याने ओढणे, पायांत बूट घालणे आणि तिन्हीसांजेनंतर हे काम न करणे ही किमान काळजी होय. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळून बांधणे टाळून रुग्णाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. भारतात उपलब्ध असलेली प्रतिविषे नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांवर परिणामकारक आहेत. चापड्याच्या दंशावर त्यांचा उपयोग होत नाही, त्यामुळे साप ओळखता आल्यास डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे ठरते.

हद्द व शेजार

वई हद्द दाखवते, पण ती हद्द सिद्ध करीलच असे नाही. झुडपे उजेडाकडे व पाण्याकडे सरकतात. एकाच बाजूने छाटलेली वई वीस-पंचवीस वर्षांत हातभर पलीकडे जाते आणि तेथून वादाला तोंड फुटते. सामाईक हिश्शांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर असलेल्या या जिल्ह्यात असे वाद नवे नाहीत. हद्दीचा निर्णय भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीवरून होतो व सीमाचिन्हांविषयीच्या तरतुदी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहेत. म्हणून नवी वई लावताना मोजणीचे दगड उघडे ठेवणे व रांग हद्दीपासून निम्म्या अपेक्षित जाडीइतकी आत घेणे श्रेयस्कर. त्यामुळे शेजाऱ्याच्या आवारात न जाता बाहेरची बाजूही कापता येते.

सद्यस्थिती

गेल्या काही दशकांत जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, सिमेंटचे खांब व काटेरी तार यांनी वईची जागा मोठ्या प्रमाणात घेतली आहे. छाटणीसाठी मनुष्यबळ मिळत नाही, घरे वर्षातील बराच काळ बंद असतात आणि भिंत एकदा बांधली की तिच्याकडे पाहावे लागत नाही, ही त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. रानडुक्कर, वानर व माकडे यांना वई अडवू शकत नाही, हेही खरे आहे. २००२ पासून कर्नाटकातून दोडामार्ग भागात येणाऱ्या हत्तींपुढे तर कोणतेच कुंपण टिकत नाही.

वारा व पाणी यांच्या बाबतीत मात्र भिंत वईची बरोबरी करीत नाही. भरीव भिंतीवर आदळलेला वारा वरून उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. झुडपांतून तो गाळला जातो आणि वईच्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत मंद राहतो. समुद्रकाठच्या परड्यातील केळी, भाजी व नवी कलमे यांना हा फरक जाणवतो. तसेच उतारावरचे पावसाचे पाणी वईतून वाट काढते व माती मागे ठेवते, तर भिंतीमागे ते तुंबते आणि निचऱ्याची भोके नसल्यास भिंतच ढकलते. यामुळे काही आवारांत आता रस्त्याकडे गुडघाभर चिऱ्यांचा गडगा व त्याच्या आतून कोयनेल किंवा पेंटगुळाची रांग अशी मिश्र रचना केली जाते. उद्यानविद्येचे शिक्षण देणारे मुळदे (तालुका कुडाळ) येथील महाविद्यालय व वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र या कोकण कृषी विद्यापीठाच्या जिल्ह्यातील संस्था होत.

कोयनेलचे फाटे गावातील जुन्या वईच्या छाटणीतून सहसा विनामूल्य मिळतात. कांदळवनातील किंवा त्यालगतची झाडी मात्र त्यासाठी तोडू नये. कांदळवनांना कायद्याचे संरक्षण आहे.